हॉटेल एनसीएलटीत गेलं, आमचे जनरेटर आत अडकले. वस्तू कुणाची, पैसे कुणाचे?

आसगावचा_पाऊस
नमस्कार मंडळी. बार्देशात आमचा जनरेटर आणि डीप फ्रीझर भाड्याने देण्याचा धंदा आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेल कंपनीकडे आमचे दोन १२५ केव्हीएचे जनरेटर आणि सहा डीप फ्रीझर आहेत. कंपनीचं नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे.

यंदा मार्चमध्ये बँकेच्या अर्जावरून एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. आता तिथला कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे आरपी, बघतात. त्यांच्या माणसांनी मोजदाद केली आणि आमच्या दोन्ही जनरेटरना पांढरे स्टिकर लावून ते कंपनीच्या मालमत्तेच्या यादीत घातले. भाऊ मशीन आणायला गेला तर गेटवरूनच परत पाठवला.

त्यात आमचं ११ लाखांचं भाडं थकलंय. वरून एक पत्र आलंय. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी जुन्या थकबाकीपोटी साडेचार लाख आरटीजीएस केले होते, ते पेमेंट 'प्रेफरेन्शियल', म्हणजे इतरांना डावलून एकालाच दिलेलं, का धरू नये याचा खुलासा मागितलाय. म्हणजे मशीन तिकडे, थकलेलं भाडं तिकडे, आणि जे काही हातात पडलं तेही परत करा! माझं मत सरळ आहे. मशीन आमचं आहे, कंपनी बुडाली म्हणून ते बँकेचं होत नाही. कायदा काय म्हणतो ते जाणकारांनी सांगावं. कुणी यातून गेलं असेल तर जरूर लिहा.

साखळीकर
वाचून वाईट वाटलं. माझं ऐका, वॉचमन ओळखीचा असेल तर रविवारी टेम्पो न्या आणि उचला. स्वतःची वस्तू उचलायला कुणाची परवानगी कशाला?

वकीलबाई_पणजी
साखळीकर, कृपा करून असला सल्ला देऊ नका. आसगावचा_पाऊस, हे अजिबात करू नका.

कंपनी प्रक्रियेत दाखल झाली त्या दिवसापासून दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली मोरॅटोरियम, म्हणजे स्थगिती, लागू होतो. दावे, जप्त्या, तारणाची वसुली सगळं थांबतं. त्याच कलमातल्या (१)(ड) मध्ये स्पष्ट लिहिलंय की कंपनीच्या ताब्यात किंवा वापरात असलेली मालमत्ता मूळ मालकालाही परत घेता येत नाही. मशीन तुमचंच आहे, तरी ते उचलणं हा मोरॅटोरियमचा भंग ठरतो. जाणूनबुजून भंग करणाऱ्याला कलम ७४ खाली शिक्षाही आहे.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, त्या आधी सुट्या करा. मशीन हा मालकीचा प्रश्न आहे. ११ लाख हे येणं आहे, तिथे तुम्ही ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल किंवा सेवेचे पैसे येणं असलेले. आणि साडेचार लाख हा झालेल्या व्यवहाराचा प्रश्न, तिथे तुम्ही उत्तर देणारे. तिन्हींची वाट वेगळी, कागद वेगळे. एकाच अर्जात तिन्ही गोष्टी कोंबल्या तर तिन्हींचं नुकसान होतं, हे मी पणजीत बसून सारखं बघते.

फोंड्याचा_माणूस
वकीलबाई, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. संहितेच्या कलम १८ च्या स्पष्टीकरणात साफ लिहिलंय की कंपनीकडे असलेली तिसऱ्या माणसाची मालमत्ता, ट्रस्ट म्हणून असो वा करारापोटी, 'मालमत्ता' या शब्दात येतच नाही. मग आरपींना ती यादीत घालायचा आणि अडवायचा हक्क कुठून आला? एका कलमात 'तुमची नाही' आणि दुसऱ्यात 'देऊ नका', हा गरिबाला फिरवायचा प्रकार आहे.

वकीलबाई_पणजी
फोंड्याचा_माणूस, तुम्ही कलम बरोबर वाचलंत. दोन्ही कलमं एकाच वेळी खरी आहेत, म्हणूनच लोकांचा गोंधळ होतो.

आरपींना ते मशीन कंपनीचं म्हणून विकता येणार नाही, कंपनी विकत घेणाऱ्याच्या प्लॅनमध्ये कंपनीची मालमत्ता म्हणून दाखवताही येणार नाही. पण प्रक्रिया चालू असेपर्यंत कंपनीच्या हातातून कुणी काही ओढून नेऊ नये, म्हणून ताबा गोठवलेला असतो. मालकी मशीनवाल्याचीच राहते, ताबा तेवढा थांबतो.

गोरेगावची पत्राचाळ सगळ्यांना ठाऊक आहे. ती जमीन म्हाडाची. विकासक कंपनी दिवाळखोरीत गेली, म्हाडाने करार रद्द करून जमीन परत मागितली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं की विकासक प्रत्यक्ष जागेवर बसलेला आहे, तेव्हा मोरॅटोरियम संपेपर्यंत म्हाडालाही थांबावं लागेल. म्हाडासारख्या सरकारी संस्थेला थांबवलं तिथे आपल्या जनरेटरचं काय?

पण एक गोष्ट फार कमी लोक मागतात. मोरॅटोरियममुळे ज्या मालकाची वस्तू अडकते, त्याला त्या काळापोटी जे देणं निघतं ते प्रक्रियेच्या खर्चात धरायचं असतं. या दिवाळखोरी प्रक्रियेच्या, म्हणजे सीआयआरपीच्या, नियमावलीतला ३१ वा नियम बघा. आणि प्रक्रियेचा खर्च सगळ्यांच्या आधी, बँकेच्याही आधी द्यावा लागतो. म्हणून मार्चच्या आधीचं भाडं एका बाजूला आणि मार्चपासूनचं भाडं दुसऱ्या बाजूला, असे दोन वेगळे हिशेब करा. आरपींना आजच लिहून द्या: मशीन आमचं, तुम्ही वापरताय, दर महिन्याचं भाडं प्रक्रियेच्या खर्चातून द्या, वापरत नसाल तर सोडून द्या.

दर्या
विमानवाल्यांचंही हेच झालं होतं ना! गो फर्स्टने २ मे २०२३ ला स्वतःहून अर्ज केला, १० मे ला तो दाखल झाला, आणि भाड्याने विमानं देणाऱ्या परदेशी कंपन्यांची विमानं धावपट्टीच्या कडेला उभी राहिली. मालक बाहेर, विमान आत. शेवटी ३ ऑक्टोबर २०२३ ला केंद्राने अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं मोरॅटोरियममधून वगळली. तरी वाद चाललाच. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये नोंदणी रद्द करायचा हुकूम दिला तेव्हा कुठे विमानं सुटली. २०२५ मध्ये तर विमानांसाठी वेगळा कायदाच झाला.

विमानवाल्यांसाठी अधिसूचना निघते. जनरेटरवाल्यांसाठी कोण काढणार?

(माझ्या बहिणीची मोपाहून मुंबईची तिकिटं होती गो फर्स्टची. ते वेगळंच रामायण.)

कुळागर
माझी विचारणा थोडी वेगळी. आमची वडिलोपार्जित जमीन हॉटेलला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. हॉटेल वेगळं, पण तेही दिवाळखोरीत आहे. पट्ट्यात अट आहे की भाडेकरू दिवाळखोर झाला तर पट्टा आपोआप रद्द. ही अट चालते का?

वकीलबाई_पणजी
कुळागरबाब, तेवढ्या अटीवर विसंबू नका. केवळ दिवाळखोरी झाली म्हणून करार तोडायचा असेल तर एनसीएलटी हस्तक्षेप करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात ऊर्जा विकास निगमच्या प्रकरणात २०२१ मध्ये म्हटलंय. भाडं थकलं, बेकायदा बांधकाम केलं, पट्ट्याच्या दुसऱ्या अटी मोडल्या, तर गोष्ट निराळी. ते टीसीएसच्या प्रकरणात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पष्ट झालं. पण कारण कुठलंही असो, हॉटेल तुमच्या जमिनीवर बसलंय तोवर ताबा मोरॅटोरियममध्ये मिळणार नाही. चालू काळाचं भाडं मात्र लिहून मागा.

जुना_बँकवाला
तीस वर्षं बँकेत काढली, म्हणून दुसरी बाजू लिहितो. बँकेला खलनायक करणं सोपं आहे. बँकेतला पैसा ठेवीदारांचा असतो. हॉटेलवर तारण लिहून घेतलं, नोंदणी केली, कागद पक्के केले, म्हणून बँक पुढे बसते.

लिक्विडेशनमध्ये, म्हणजे कंपनी मोडीत काढून विकताना, पैसे वाटायचा क्रम कलम ५३ मध्ये आहे. सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि आपलं तारण सोडून दिलेले तारणधारक, हे दोघे बरोबरीने. मग इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी. मग विनातारण वित्तीय कर्ज. मग सरकारी देणी. माल आणि सेवा पुरवणारे त्याच्याही खाली, 'उरलेली देणी' या सदरात. मोठ्या लग्नात शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याच्या पानात भातच उरतो, तसं पुरवठादाराचं होतं. हे दुःखद आहे, मान्य. पण आपल्याकडे तारण नाही हे पुरवठादाराला उधारी देताना ठाऊक असतं.

सांगे_ट्रकवाला
बँकवालेकाका, ठाऊक असतं म्हणजे काय? आम्हाला पर्याय असतो का? ट्रकवाल्याने खाण कंपनीकडे तारण मागितलं तर दुसऱ्या दिवशी रांगेत दुसराच ट्रक असतो.

७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजं रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी बंद झाल्या, तेव्हा आमच्या भागात घराघरात ट्रकचे हप्ते होते. ट्रक दारात गंजत होता आणि हप्ता चालू होता. ज्यांनी ज्यांनी वाहतूक करून घेतली, त्यांच्याकडची बिलं निघता निघेनात. तेव्हा कोणी कलमं दाखवली नाहीत. आज ही माहिती वाचतोय तर वाटतं, आम्हाला निदान दाव्याचा फॉर्म भरायचा असतो एवढं तरी कोणी सांगायला हवं होतं.

एक विचारतो. खाण कंपनीच दिवाळखोरीत गेली तर खाणीचं लीज कुणाचं? ते विकून पैसे मिळतात का?

वकीलबाई_पणजी
सांगेदादा, तुमचा राग रास्त आहे.

लीज सरकारने दिलेलं असतं, खनिज सरकारचं. कर्नाटकातल्या एका खाण कंपनीच्या प्रकरणात एनसीएलटीने सरकारला लीज वाढवून द्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये तो हुकूम चुकीचा ठरवला. सरकारने लीज द्यावं की नाही हा सार्वजनिक कायद्याचा प्रश्न, तो एनसीएलटीच्या हातात नाही. म्हणजे कंपनीकडे मुदतीतलं लीज असेल तर त्यातला हक्क तिच्याकडे असतो. पण मुदत संपलेलं किंवा रद्द झालेलं लीज दिवाळखोरीच्या वाटेने जिवंत होत नाही. गोव्यातली ती ८८ लीजं तर मुळातच रद्द झाली, तेव्हा वाटायला तिथे काही उरलंच नाही.

मडगाव_मेस
मी स्वयंपाकी. या हॉटेलात नाही, दुसऱ्या. आमचंपण असंच झालंय. पगार थकला. त्याहून मोठी गोष्ट, पगारातून पीएफ कापत होते पण भरत नव्हते. ऑनलाईन पासबुकात बघितलं तर कितीतरी महिन्यांच्या नोंदीच नाहीत. स्लिपवर मात्र कपात दिसते. ते पैसे पण त्या पंगतीत बसणार काय?

नवीन_सीए
मडगाव_मेस, पीएफचे पैसे त्या पंगतीत बसत नाहीत. हे इथे सगळ्यांनी वाचावं.

पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातून कामगारांना देय असलेली रक्कम कलम ३६(४) प्रमाणे लिक्विडेशनच्या मालमत्तेतच धरली जात नाही. ती वाटणीच्या बाहेर, आधी काढायची. बँक असो की सरकार, कुणाचाही त्यावर हात पडत नाही. एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तेच सांगितलं. जेट एअरवेजमध्ये तर कंपनी विकत घेणाऱ्यांनाच पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायला अपिलीय न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं, आणि पुढच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं.

एबीजीच्याच निकालातली दुसरी गोष्ट तुमच्या थकलेल्या पगाराला लागू आहे. प्रक्रिया सुरू झाल्यानंतरचा पगार खर्चात धरून आधी मिळतो, पण हॉटेल चालू होतं आणि तुम्ही प्रत्यक्ष काम केलंत हे दाखवावं लागतं. हजेरीचे कागद, ड्युटीच्या वेळापत्रकाचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे ड्युटीचे मेसेज, सगळं जपून ठेवा. दाव्याचा फॉर्म 'डी'. पुष्कळ जण असाल तर तुमच्यातला एक प्रतिनिधी 'ई' फॉर्म भरू शकतो. पीएफ कार्यालयातही स्वतंत्र तक्रार द्या. पगाराच्या स्लिपा हाच तुमचा पुरावा.

मडगाव_मेस
स्लिपा आहेत. बायकोने सगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यात. देव बरें करूं.

रापणकार
मी हॉटेलांना मासळी पुरवतो. एका ठिकाणी सात लाख थकले. मालक म्हणाला रोख नाही, हे दोन टेम्पो घे आणि हिशेब मिटव. घेतले. एकाची आरसी नावावर झाली, दुसऱ्याची व्हायच्या आधीच हॉटेल एनसीएलटीत. आता आरपी म्हणतात दोन्ही परत आणा. सुरमई दिली ती लोकांनी खाल्ली, ती मला कोण परत देणार?

नवीन_सीए
रापणकारबाब आणि आसगावचा_पाऊस, दोघांचे प्रश्न एकाच कलमातले. पण माझ्या मते दोघांच्या बाजू सारख्या भक्कम नाहीत.

कलम ४३ चा हेतू असा की बुडत्या कंपनीने शेवटच्या काळात एखाद्याच घेणेकऱ्याला पुढे काढून बाकीच्यांना मागे टाकू नये. नातेसंबंधातल्या किंवा संबंधित व्यक्तींच्या बाबतीत प्रक्रिया सुरू झाल्याच्या आधीची दोन वर्षं बघतात, इतरांच्या बाबतीत एक वर्ष. जुन्या देण्यापोटी काही दिलं आणि त्यामुळे घेणाऱ्याला कलम ५३ च्या वाटणीत मिळालं असतं त्याहून जास्त मिळालं, तर तो व्यवहार प्रेफरेन्शियल. घेणाऱ्याचा हेतू वाईट होता की नाही हे तिथे बघत नाहीत. अपवाद आहे तो नेहमीच्या धंद्यातल्या व्यवहाराचा. जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं की व्यवहार देणाऱ्या कंपनीच्याही नेहमीच्या कामकाजातला असायला हवा, फक्त घेणाऱ्याच्या नव्हे.

हॉटेलने जनरेटरचं भाडं बँकेतून चुकतं करणं हे नेहमीचं. उशिरा, एकरकमी दिलं तरी पूर्वीही असंच उशिरा देत होते हे खात्यावरून दाखवता आलं तर उत्तर चांगलं जमतं. मागची तीन-चार वर्षांची खातेवही काढा, प्रत्येक बिल किती दिवसांनी चुकतं झालं ते लिहा. ऑगस्टच्या पेमेंटनंतरही तुम्ही मशीन चालू ठेवलीत, डिझेल, सर्व्हिस दिलीत, तेही लिहा.

हॉटेलने मासळीच्या बिलापोटी टेम्पो देणं मात्र नेहमीच्या धंद्यातलं म्हणता येत नाही. रापणकारबाब, तुम्ही वकील नक्की करा आणि तारखा तपासा. एक वर्षाच्या बाहेर असाल तर प्रश्नच मिटला.

आणखी एक महत्त्वाचं. आरपींना स्वतः पैसे परत घ्यायचा अधिकार नाही. त्यांनी एनसीएलटीकडे अर्ज करायचा, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळायची, मग हुकूम. पत्र आलं म्हणून घाबरून पैसे भरू नका. पण पत्राकडे दुर्लक्षही करू नका.

जुना_बँकवाला
सीएंनी नेमकं लिहिलंय. बँकेलाही मोरॅटोरियम लागू आहे हे सांगायला हवं. प्रक्रिया सुरू झाल्यावर कंपनीच्या खात्यात आलेले पैसे बँकेने आपल्या कर्जाकडे वळते केले तर तेही परत करावे लागतात.

आसगावचा_पाऊस
सगळ्यांचे आभार. काल भावाने आरपींच्या माणसाची परवानगी घेऊन आत जाऊन फोटो काढले. एक अडचण दिसली. जनरेटरच्या कडेला अल्टरनेटरवर कंपनीची पितळी पट्टी असते, तिच्यावर मशीनचा नंबर ठोकलेला असतो. गेल्या पावसाळ्यात हॉटेलने सगळी यंत्रं हिरव्या रंगाने रंगवली, आमचीपण. नंबरावर रंगाचा जाड थर बसलाय. भावाने थिनर लावून चिंधीने पुसलं तेव्हा शेवटचे पाच आकडे दिसले, ते आमच्या खरेदीच्या बिलाशी जुळतात. त्याचा व्हिडिओ केलाय. डीप फ्रीझरच्या मागे स्टिकर होते, त्यातले दोन पुसट झालेत.

दुसरं, आमच्याकडे हॉटेलची एक लाखाची अनामत आहे, करार झाला तेव्हाची. ती मी थकलेल्या भाड्यात वळती करू का?

फोंड्याचा_माणूस
जनरेटर बंद पडल्यावर हॉटेलवाले कुणाला फोन करायचे? तुम्हालाच ना! रात्री दोन वाजता लग्नाच्या मांडवात अंधार झाला की मालक कोण ते सगळ्यांना बरोबर आठवतं. :) ते मेसेज आणि सर्व्हिसच्या नोंदी जोडा. दुरुस्तीचा खर्च कोण करत होतं यावरून मालकी ठरवायला चांगली मदत होते.

वकीलबाई_पणजी
फोंड्याचा_माणूस, हे माझ्या यादीत नव्हतं, आता घातलं.

आसगावचा_पाऊस, खरेदीचं मूळ बिल, त्यावरचा मशीन नंबर, डिलिव्हरी चलन, विमा, आणि तुमच्या ताळेबंदात त्या मशीनवर घेतलेला घसारा, हे सगळं एका पत्रासोबत आरपींना द्या आणि पोच घ्या. वस्तूसाठी दाव्याचा फॉर्म भरायचा नसतो, कारण वस्तूच्या बाबतीत तुम्ही घेणेकरी नव्हे, मालक आहात. आरपींनी ऐकलं नाही तर कलम ६०(५) खाली एनसीएलटीकडे अर्ज. गोव्याला स्वतंत्र खंडपीठ नाही, मुंबई खंडपीठाकडे जावं लागतं. कंपनी पुढे लिक्विडेशनमध्ये गेली तर तुमची वस्तू कलम ३६(४) प्रमाणे विक्रीच्या बाहेर राहते, आणि मोरॅटोरियमचा अडसरही संपतो.

११ लाखांसाठी फॉर्म 'बी', आणि तो लगेच. जाहीर नोटिशीतली तारीख टळली असली तरी कारण देऊन काही काळ दावा घेतात. पण प्लॅन मंजूर झाला आणि तुमचं येणं त्यात नसेल तर ते कायमचं संपतं. घनश्याम मिश्रा प्रकरणातला एप्रिल २०२१ चा निकाल तसाच आहे. नोटीस मराठी पेपरातही येते, आपल्या लोकांनी त्या पानावर नजर टाकायची सवय लावायला हवी.

अनामतीचं सावध. सर्वोच्च न्यायालयाने भारती एअरटेलच्या प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं की या प्रक्रियेत एकाचं येणं दुसऱ्या देण्यातून परस्पर कापता येत नाही. अपवाद दोन: आधीपासून करारात ठरलेली आणि प्रक्रियेपूर्वीच अमलात आलेली वजावट, किंवा दोन्ही येणी एकाच व्यवहारात घट्ट गुंतलेली असणं. तुमची अनामत आणि भाडं एकाच करारातलं आहे, म्हणून तुमची बाजू मांडता येते. पण स्वतःच कापून मोकळे होऊ नका. फॉर्म 'बी' मध्ये अनामत दाखवा आणि वजावट मागा.

साखळीकर
वकीलबाई, माझा पहिला सल्ला मागे घेतो. एक विचारतो: हॉटेलने दिलेले चेक बाउन्स झालेत माझ्या मित्राचे. ती केसही थांबली का?

वकीलबाई_पणजी
कंपनीविरुद्धची थांबते, सही करणाऱ्या डायरेक्टरविरुद्धची चालू राहते. मार्च २०२१ चा मोहनराज निकाल. जामीनदारालाही मोरॅटोरियमचं संरक्षण नाही.

कुळागर
जामीनदार म्हटल्यावर आठवलं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. नवऱ्याने कंपनीसाठी वैयक्तिक हमी दिली आणि वसुली घरावर आली, तर बायकोच्या अर्ध्या हिश्श्याचं काय? आमच्या ओळखीत असं चालू आहे.

जुना_बँकवाला
म्हणूनच गोव्यात बँका घर तारण घेताना दोघांच्या सह्या घेतात. बायकोने सही केली आहे की नाही, केली तर कशावर केली, हे पहिलं बघा. सही नसेल तर तिने आपला हिस्सा वेगळा असल्याचं वेळेत आणि स्वतःच्या नावाने सांगायला हवं. हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा.

दर्या
छोटा प्रश्न. चुलत भावाने लग्नासाठी अशाच हॉटेलला हॉलचा अडीच लाख आगाऊ भरलाय. तारीख डिसेंबरची. पैसे गेले?

नवीन_सीए
आधी आरपींना विचारा, हॉटेल चालू ठेवणार असतील तर हॉल मिळूही शकतो. नाही मिळाला तर दावा करा. सेवेसाठी दिलेला आगाऊ पैसा हेही ऑपरेशनल देणं ठरू शकतं, हायट्रो एनर्जीच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. पावती जोडा.

सांगे_ट्रकवाला
एवढे सगळे छोटे पुरवठादार एकत्र येऊन मतदान करू शकत नाहीत का? मासळीवाला, जनरेटरवाला, भाजीवाला, धोबी, सगळे मिळून?

वकीलबाई_पणजी
प्लॅनवर मतदान करणाऱ्या कर्जदात्यांच्या समितीत मत फक्त वित्तीय कर्ज देणाऱ्यांना. पण सगळ्या ऑपरेशनल क्रेडिटरांचं मिळून येणं एकूण कर्जाच्या दहा टक्के किंवा जास्त असेल तर त्यांचा एक प्रतिनिधी समितीच्या बैठकीत बसू शकतो. मत नाही, पण काय चाललंय ते कळतं. सांगेदादा, या कारणासाठी तरी प्रत्येकाने आपला दावा भरावा, रक्कम कितीही लहान असो. न भरलेला दावा त्या दहा टक्क्यांत मोजला जात नाही.

आसगावचा_पाऊस
फॉर्म 'बी' आज ईमेलने गेला, अनामत त्यात दाखवून. मशीनचं पत्र वेगळं, मार्चपासूनच्या भाड्याचं वेगळं. साडेचार लाखांच्या खुलाशाला खातेवहीचा उतारा जोडतोय. भाऊ जुनी बिलं तारखेप्रमाणे लावत बसलाय. आरपींच्या ऑफिसातून एकच उत्तर आलंय: फ्रीझरपैकी ज्या दोनांचे स्टिकर पुसट आहेत त्यांची मालकी पटलेली नाही.

वकीलबाई_पणजी
त्या दोन फ्रीझरसाठी विकणाऱ्या डीलरकडून नंबरासह विक्रीचा दाखला घ्या. काँप्रेसरवर वेगळा नंबर असतो, तोही जुळवा. बाकी चार आणि दोन्ही जनरेटर त्यांनी मान्य केले असतील तर तेवढं लेखी मागून घ्या, त्या दोन फ्रीझरचं भांडण मिटेपर्यंत थांबू नका.

रापणकार
माझी तारीख तपासली. पहिला टेम्पो एक वर्षाच्या बाहेर आहे, दुसरा आत. वकिलाकडे सोमवारी जातोय.

नवीन_सीए
एक वर्ष मोजताना कंपनी एनसीएलटीत दाखल झाल्याची, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याची तारीख धरा. बँकेने अर्ज कधी केला ती नव्हे. त्या हुकुमाची प्रत एनसीएलटीच्या वेबसाइटवर मिळते, ती सोबत घेऊन जा.